उठलेले मोहोळ कोणाचे?



चालकांनी मला पत्रातून 'कामगार चळवळीतील अनुभव' हा विषय सुचविला होता. मी उलट टपाली कळविले, की ह्या खेपेस मला मधमाश्यांविषयी बोलू द्यावे. चालक बुचकळ्यात पडले असावेत. पण त्यांनी नकार दिला नाही, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी पदवीधर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि आपल्या नगर वाचनालयातून. तेव्हा प्राणिशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. मला सांगावयाची आहे ती एका प्रश्नाची हकीकत, आणि तो प्रश्न मला आपल्याच बाजारात पडला.

गेल्या वर्षी चैत्राच्या आरंभी, हळदीचा हंगाम ऐन भरात असताना, सकाळी दहाच्या सुमारास आमची माणसे पोती उतरून घेत होती. गोदामामागच्या कडुनिंबाकडून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. पाहता पाहता वर काळसर ढग फिरू लागला आणि पाच-दहा मिनिटांत काट्याच्या छपराच्या वाशाला माश्यांचा हातभर लांब घड लोंबू लागला. काम थांबले. एक आडते म्हणाले, पलिता लावा. दुसरे म्हणाले, औषध फवारा. तिसऱ्यांनी तर आधीच सांगून टाकले, की छप्पर माझ्या गाळ्याचे आहे, तेव्हा मध माझा. आमच्यात एक म्हातारा तोलार आहे, जावळीच्या खोऱ्यातला. तो पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "शेठ, ह्येच्यात मध न्हाई. बिऱ्हाड शोधाया निघालंय ते. पोटात हाय तेवढीच शिदोरी. वाईच दम धरा, आपसूक जाईल."

तसेच झाले. दुपारी बाराच्या आत घड सैल झाला, ढग पुन्हा उठला आणि घाटाच्या दिशेने निघून गेला. खाली राहिला तो फक्त वाद. दोन तासांच्या खाड्याची मजुरी कोणी द्यावयाची, हा माझ्या धंद्यातला वाद चहावर मिटला. पण छपराच्या मालकाने उच्चारलेला प्रश्न माझ्या मनात राहिला. उठलेले मोहोळ कोणाचे? जिथून निघाले त्याचे, जिथे बसले त्याचे, की ज्याने पकडले त्याचे? वाचू लागलो तेव्हा कळले, की हा प्रश्न दीड हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या सह्याद्रीत एकदा नव्हे, दोनदा बदललेले आहे.

प्रथम माशीची ओळख करून घेऊ, कारण मोहोळ म्हणून आपण चार वेगवेगळ्या संसारांना एकच नाव देतो. आग्या माशी उंच कड्याला, मोठ्या झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच भलेमोठे पोळे बांधते. ऋतुमानाप्रमाणे ती मुलूख बदलते आणि पेटीत राहत नाही. तिच्या वाटेला गेलेल्यांची फजिती आपणास ठाऊक आहे. 'आग्या मोहोळ उठले' हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावते. पोया ही बिननांगीची बारीक माशी भिंतीच्या नाहीतर खोडाच्या फटीत असते. चौथी सातेरी. ती अंधारात राहणारी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, खडकाच्या कपारीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. सात पोळ्यांची ती सातेरी, अशी डोंगरातली समजूत. पेटीत नांदते ती आपली ही सातेरी. आमच्या काट्यावर आली होती तीही हीच.

आता ती उठते का, हे पाहू. आपण बाजारात 'मोहोळ उठले' एवढेच म्हणतो. पण उठण्याचे दोन प्रकार आहेत, आणि मला जे सांगावयाचे आहे ते ह्या दोन प्रकारांच्या भेदात आहे.

पहिले उठणे भरभराटीचे. वसंतात जांभूळ, गेळा, हिरडा फुलतो. घरात मध आणि पराग येतो. माश्यांची संख्या इतकी वाढते की घर पुरेनासे होते. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लांबट घरे दिसू लागतात. त्यांत नव्या राण्या वाढत असतात. पहिली नवी राणी बाहेर पडण्यापूर्वीच जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्यांसह घर सोडते. भरलेली पोळी, साठा, पिल्ले हे सारे ती लेकीला ठेवते आणि स्वतः उघड्यावर येते. आपल्याकडे थोरल्यांनी घर धरून बसावे आणि धाकट्यांनी नशीब काढायला बाहेर पडावे, अशी रीत. माश्यांत ती उलट आहे.

दुसरे उठणे उपासाचे. फुलोरा संपतो, पाऊस झोडपतो, पोळ्यात मेणकिडा शिरतो, मुंग्या त्रास देतात किंवा माणूस वरचेवर घर उघडतो. अशा वेळी नव्या राणीची तयारी नसते. राणी अंडी घालणे कमी करते, असलेली पिल्ले बाहेर पडतात, उरलेला मध खाऊन संपतो आणि एके दिवशी सारे घर उठते. मागे कोणीही राहत नाही. पेटी उघडावी तर आत काळवंडलेली रिकामी पोळी. भरभराटीने उठलेल्या मोहोळाची दोन घरे होतात. उपासाने उठलेल्याचे एकही राहत नाही. लांबून दोन्ही ढग सारखेच दिसतात.

आता मालकीची हकीकत. रामायणाच्या सुंदरकांडात सुग्रीवाच्या मधुवनाची कथा आहे. वन राजाचे, रखवालीला दधिमुख. सीतेचा शोध लावून परतलेले वानर त्या वनात शिरतात, मध पितात, आणि अडवायला आलेल्या रखवालदाराला चोपतात. तो तक्रार घेऊन सुग्रीवाकडे जातो. सुग्रीव मात्र रागावत नाही. ज्या अर्थी हे एवढे माजले, त्या अर्थी काम फत्ते करून आले, हे तो ओळखतो. मालकाने कष्टाची कदर केल्याचा इतका जुना दाखला मला तरी दुसरा सापडलेला नाही. पण कथेत एक गोष्ट गृहीत आहे : मध राजाचा.

रोमन कायद्याने प्रश्न अधिक बारकाईने सोडविला. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात सांगितले आहे, की मधमाशी स्वभावतः रानटी आहे. तुझ्या झाडावर घड बसला म्हणून तो तुझा होत नाही. तू त्याला घरात बसविशील तेव्हा तुझा. तुझ्या पेटीतून उठलेला घड तुला दिसत आहे आणि त्याचा पाठलाग करणे फारसे अवघड नाही, तोवर तो तुझा. दृष्टीआड झाला की पहिल्याने धरील त्याचा. इंग्लंडच्या खेड्यांत मोहोळ उठले की लोक पातेली आणि तवे बडवीत त्याच्यामागे धावत. ह्या आवाजाने माश्या खाली बसतात अशी समजूत होती. पण त्याचबरोबर, हा घड माझा आहे, अशी दवंडीही पिटली जात होती. आमच्या काट्याच्या छपराचे मालक रोमन न्यायालयात खटला हरले असते, एवढे आता मी त्यांना सांगू शकतो.

आपल्या डोंगरात ढोलीतले मोहोळ ज्याच्या नजरेस आधी पडले त्याचे, असा व्यवहार होता. झाडाला खूण केली की दुसरा सहसा हात लावीत नसे. इंग्रजी अमलात हे बदलले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत जंगलातून आलेला मध आणि मेण ही नावे स्पष्टपणे घातलेली आहेत. कलमाच्या एका ओळीने कड्यावरचे मोहोळ सरकारजमा झाले, आणि आजोबापासून मध काढीत आलेला माणूस परवान्याशिवाय चोर ठरू लागला. ह्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २००६ साली, वनहक्क कायदा झाला. त्यात गौण वनोपजांच्या यादीत मध आणि मेण पुन्हा आले, पण आता मालकी वननिवासींची म्हणून. आदिवासींखेरीज इतरांनी मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावयाचा असतो. ज्यांच्या पिढ्या कागदावाचून गेल्या त्यांच्याकडून कागद मागणे, ह्यातली अडचण मी युनियनचा माणूस म्हणून चांगली ओळखतो. हजेरीपटावर नाव नसलेल्या हमालाने वीस वर्षांची नोकरी सिद्ध कशी करावी, ह्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे.

खूण करणाऱ्याचे, मग सरकारचे, मग कायद्याने पुन्हा वननिवासींचे : असे हे दोन पालट. परंतु कायदा मालकी देतो. मोहोळ देत नाही. मोहोळ टिकावे कसे, हा निराळा प्रश्न, आणि त्याची हकीकत पेटीपासून सुरू होते.

पूर्वी मध काढणे म्हणजे मोहोळ पिळणे. धूर करावा, पोळे कापावे, मध, अंडी, अळ्या, पराग सगळे एकत्र फडक्यात घालून पिळावे. मध गढूळ निघे आणि संसार संपे. १८५१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लँगस्ट्रॉथ नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या लक्षात आले, की पोळ्यांच्या मध्ये आणि भोवती एक सेंटिमीटरहून किंचित कमी अशी ठराविक फट ठेवली तर माश्या ती बुजवीत नाहीत. ती त्यांची जाण्यायेण्याची वाट असते. ह्या फटीच्या हिशेबाने त्याने सुट्या चौकटींची पेटी केली. पोळे न तोडता चौकट उचलता येऊ लागली. १८५७ साली जर्मनीत मेहरिंगने मेणाचा छापील पत्रा तयार केला आणि १८६५ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या ऱ्हुश्काने चौकट गरगर फिरवून मध बाहेर काढण्याचे यंत्र दाखविले. रिकामे पोळे माश्यांना परत देता येऊ लागले. मेण घडवायला माशीला पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो. तेव्हा पोळे वाचले म्हणजे माशीची तेवढी मजुरी वाचली. चौदा वर्षांतल्या ह्या तीन युक्त्यांवर आजचे सारे मधपालन उभे आहे.

सातेरी ही पाश्चात्त्य माशीहून लहान, म्हणून तिचे घरही लहान हवे. १९११ ते १९१७ ह्या काळात दक्षिणेत फादर न्यूटन ह्यांनी तिच्या मापाची पेटी बनवून लोकांना शिकविले. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने हा जोडधंदा वाढवावा अशी शिफारस केली. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, कागद, गूळ ह्यांच्या शेजारी मधपेटीही आली. पिल्ले न मारता मध मिळतो, ही गोष्ट त्या मंडळींना विशेष मोलाची वाटली असणार. संघाचे सूत्रधार कुमारप्पा ह्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या सांगताना मधमाशीचे उदाहरण घेतले आहे : ती स्वतःपुरते नव्हे, समूहासाठी कमावते. ह्याच्या उलट लंडनच्या मँडेव्हिलने १७१४ साली मधमाश्यांच्याच पोळ्याचा दृष्टान्त देऊन, माणसांच्या खासगी दुर्गुणांतूनच सार्वजनिक वैभव येते, असे प्रतिपादिले होते. मधमाशीला साक्षीला बोलावून प्रत्येकाने आपल्याच मताचा जबाब घेतला. मीही आज तेच करीत आहे. पण निदान आधी कबूल करून करीत आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या सरकारने ह्या धंद्यासाठी जे ठिकाण निवडले ते महाबळेश्वर. निवड अचूक होती. तिथल्या जंगलात जांभूळ, हिरडा, गेळा आहेत; शिवाय कारवी, व्हायटी, आखरा अशी झुडपे आहेत, जी दरसाल फुलत नाहीत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि त्या वर्षी पावसाच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळा होतो. कारवीचे वर्ष म्हणजे मधाचे वर्ष. डोंगरातली माणसे मुलांची वयेदेखील त्या हिशेबाने सांगत. पुढे खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथे नांदू लागले, मधपाळांची सहकारी सोसायटी झाली, आणि १९६२ साली खादी आयोगाने पुण्यात मधमाशीसंशोधनाची मध्यवर्ती संस्था काढली. थंड हवेसाठी आलेला प्रवासी परत जाताना मधाची बाटली नेऊ लागला. मालकम पेठेच्या बाजारातल्या त्या बाटलीमागे सोनाट, कुडाची झोपडी, ढोलीतून आणलेले मोहोळ आणि केळीच्या सोपटाने चौकटीला बांधलेले पोळे असते, हे मात्र त्याला दिसत नाही.

हे सगळे सरकारने कशासाठी केले? नुसत्या मधासाठी नव्हे. जावळी, पाटण, महाबळेश्वर ह्या डोंगराळ भागात जमीन थोडी, ती उताराची. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी नाही. पीक नाचणी, वरी आणि थोडा भात. तरणा मुलगा मिसरूड फुटले की मुंबई गाठणार, हे ठरलेले. त्याच मुंबईत गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणारे माथाडी बव्हंशी ह्या खोऱ्यांतले होते. त्यांना पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. दरम्यान १९६० च्या दशकात कोयनेचे पाणी अडले आणि शिवसागराखाली खोऱ्यातली गावे गेली. आमच्याकडे त्यालाही 'गाव उठले' असेच म्हणतात. एकच क्रियापद! तेव्हा पेटी आली ती माशीला घरात ठेवण्यासाठी, आणि माशीच्या आधाराने माणसाला गावात ठेवण्यासाठी.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील जावळी तालुक्यातले; मुंबईत एका गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वर्षभर त्यांनी वाट पाहिली आणि १९८३ साली वळकटी घेऊन ते गावी परत आले. माझी शाळा सुटली ती त्या वर्षी. कोणाच्या सांगण्यावरून त्यांनी दोन मधपेट्या घेतल्या आणि घरामागच्या बांधावर जांभळीखाली ठेवल्या. पहिल्या वैशाखात मध निघाला. घरात चार पैसे आले. आईने पहिली वाटी देवापुढे ठेवली. वडिलांनी पेटीतला होता नव्हता तेवढा मध काढून घेतला होता. आषाढ लागला आणि दोन्ही पेट्या उठल्या. वडील चिडले. म्हणाले, "बेइमान जात."

पुढच्या वर्षी त्यांनी नवी मोहोळे आणून बसविली आणि पेट्यांच्या तोंडाशी राणीदरवाजा लावला. हा पत्र्याचा एक लहानसा अडसर असतो. त्याच्या फटीतून कामकरी माशी जाते-येते. राणी अंगाने मोठी, ती अडते. राणी अडली की कोणी जात नाही. वैशाखात पुन्हा सगळा मध काढला. श्रावणात पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा त्यांनी पेटी उघडली. माश्या गेल्या नव्हत्या. तळफळीवर ओंजळभर मेलेल्या पडल्या होत्या, आणि उरलेल्या राणीभोवती गोळा होऊन हलेनाशा झाल्या होत्या. वडील त्या पेटीपुढे पावसात उकिडवे बसून राहिले. मी पाठीमागे उभा होतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दरवाजा लावला. आत काय ठेवलं, ते बघितलं न्हाई."

तिसऱ्या वर्षापासून त्यांनी दरवाजा काढून टाकला. वैशाखात मधाचा वाटा माश्यांसाठी मागे ठेवू लागले आणि पावसाच्या तोंडी रेशनच्या साखरेचा पाक वाटीत ठेवू लागले. त्यानंतर पेटी क्वचितच उठली. उठली तरी वसंतात, भरभराटीने. मग एकीच्या दोन होत.

श्रोतेहो, युनियनचे पहिले पाठ मी कोणा पुढाऱ्यापाशी शिकलो नाही; त्या बांधावर शिकलो. कामगार टिकत नाही अशी तक्रार घेऊन मालक येतो तेव्हा मी त्याला बेइमानीची चर्चा करू देत नाही. वैशाखात सगळा मध कोणी काढला, एवढेच विचारतो. सणासुदीला उचल देऊन माणूस बांधून ठेवणे हा राणीदरवाजा आहे. आणि 'मधाचे बोट लावणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत ज्याने आणला त्याला बोटभर मध आणि पोटभर भाकरी ह्यांतला फरक पुरता ठाऊक असला पाहिजे.

मात्र दोन पेट्यांवर आमचे घर चालले, असे मी सांगितले तर ती थाप होईल. सातेरीची पेटी वर्षाला चार-पाच किलो, चांगल्या वर्षी दहा किलोपर्यंत मध देते. त्यात मिठामिरचीचा खर्च भागतो; कुटुंब भागत नाही. अठराव्या वर्षी मीही उठलो. भरभराटीने नव्हे.

त्यानंतरच्या काळात ह्या धंद्यावर अनेक संकटे आली. १९९१-९२ साली दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुरोग पसरला. अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. तिथली सातेरीची बहुतेक मोहोळे बुडाली. १९६२ नंतर कांगड्यातल्या नगरोट्याला रुजविलेली पाश्चात्त्य मेलिफेरा माशी मैदानात पसरली. ती मध कितीतरी पट देते, आणि सातेरीइतकी चटकन घर सोडून जात नाही. पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकमधून फिरवाव्या लागतात. ते भांडवलाचे काम आहे, बांधावरच्या दोन पेट्यांचे नव्हे. आणि शेवटचे संकट बाटलीतले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या तेरा नाममुद्रांचा मध तपासून घेतला. सर्व चाचण्यांतून पार पडल्या त्या फक्त तीन. साखरेचा पाक मध म्हणून विकला जातो तेव्हा नुसता गिऱ्हाइकाचा घात होत नाही. खऱ्या मधाचा भाव पडतो, आणि डोंगरातला माणूस पेटी उचलून अडगळीत टाकतो. पाक आमच्या वडिलांनीही वापरला. पण तो माशीसाठी, पावसाळ्यात. माशीच्या नावावर माणसाला पाजण्यासाठी नव्हे.

मग सगळे अंधारलेलेच आहे काय? नाही. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. त्या गावाजवळ जंगल आहे, आणि घरोघर पेट्या ठेवण्याची पूर्वापार चाल आहे. पाठोपाठ कोल्हापूरकडच्या पाटगावाचे नाव पुढे आले. पाटी लावण्याने मध येत नाही, हे खरे. परंतु एका घराच्या दोन पेट्यांनी जे साधत नाही ते सबंध गावाच्या पेट्यांनी, एकत्र विक्रीने, आणि मुख्य म्हणजे जांभूळ-हिरडा न तोडण्याच्या एकमताने साधू शकते. पेटी एकाची असू शकते. फुलोरा एकाचा असूच शकत नाही. माझी माशी तुमच्या जांभळीवर जाते आणि तुमची माझ्या तिळावर. ह्या धंद्यात एकट्याने शहाणे होता येत नाही.

शेवटी पुन्हा आपल्या काट्याकडे येऊ. त्या दोन तासांत तो घड नुसता लोंबकळत नव्हता. त्याची सभा भरली होती. १९४९ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकमध्ये लिंडाउअर नावाच्या तरुण संशोधकाने असाच एक घड पाहिला. घडावर नाचणाऱ्या काही माश्या मळलेल्या होत्या. कोणी काजळीने काळ्या, कोणी विटांच्या भुकटीने तांबड्या. त्याने ताडले, की ह्या फुलांवरून आलेल्या नाहीत. धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत घर शोधून आलेल्या आहेत. प्रत्येक शोधक माशी आपण पाहिलेल्या जागेची दिशा आणि अंतर नाचून सांगते. चांगल्या जागेसाठी नाच अधिक वेळ चालतो. इतर माश्या स्वतः जाऊन जागा पाहून येतात. निकृष्ट जागेचे नाच हळूहळू थांबतात. आणि शेवटी एकाच जागेचे नाच उरले की घड उठतो. अमेरिकेच्या सीली ह्यांनी पुढे अनेक वर्षे प्रयोग करून हे पक्के केले आणि २०१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. ह्या सबंध कारभारात राणीचा हुकूम कुठेच नाही. तिला राणी आपण म्हणतो. ती बिचारी घडाच्या पोटात निर्णयाची वाट पाहत असते. जागा न पाहता कोणी हात वर करीत नाही, हे मला त्या सभेत विशेष वाटले. आमच्या युनियनच्या सभांत अजून एवढी शिस्त आलेली नाही.

तेव्हा उठलेले मोहोळ कोणाचे? रोमन म्हणाले, धरील त्याचे. १९२७ चा कायदा म्हणाला, सरकारचे. २००६ चा म्हणतो, वननिवासींचे, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या वडिलांनी पावसात बसून जे उत्तर काढले ते मला ह्या सर्वांहून पक्के वाटते. जो श्रावणातली सोय करील त्याच्याकडे ते राहील. बाकीच्यांनी आपली मालकी कागदावर जपून ठेवावी.

एक विनंती करून थांबतो. यंदाही चैत्र आला आहे. आपल्या बाजारात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा कोणाच्या अंगणात एखादे दिवशी असा घड येऊन बसेल. पलिता लावू नका, औषध मारू नका. लेकरांना जरा दूर घ्या, घडाला जरा सावलीत राहू द्या, आणि दोन तास वाट पाहा. त्यांची सभा चालू आहे. निर्णय झाला की त्या जातील. खाड्याच्या मजुरीचे आपण चहावर पाहून घेऊ.